गल्लीतल्या मंडळींना, एका बाहेरच्या बाईकडून

प्रति,
गणेशोत्सव मंडळ आणि गल्लीतले सर्व रहिवासी,
मालवा मिल परिसर, इंदूर

मंडळींनो,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यातली बैठक संपली तेव्हा मंडळाच्या खोलीत चहाचे पाच कप भरलेले तसेच राहिले होते. गल्लीतल्या तुंबणाऱ्या चेंबरचा नकाशा दाखवायला आलेल्या, आर्किटेक्चर शिकणाऱ्या त्या पाच मुलांसाठी आणलेला चहा. तो हातात घेण्याआधीच त्यांना सांगून झालं होतं, "आमची गल्ली आम्ही बघून घेऊ. बाहेरचे येतात, फोटो काढतात आणि जातात." मुलांनी नकाशाची गुंडाळी उचलली, नमस्कार केला आणि जिना उतरली. मी कप गोळा करायला लागले तेव्हा तुमच्यातलेच एक भाऊ, ज्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे शिकल्या, मला म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तशा तुम्हीही बाहेरच्याच ना."

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मी काही बोलले नाही. आज बोलते, आणि सगळ्यांसमोर बोलते.

हो, मी बाहेरची आहे. मी लोकमान्य नगरात राहते. माझ्याकडे गच्चीवरची टाकी भरलेली असते, पावसाळ्यात चेंबर चोक होऊन घाण पाणी ओट्यावर चढत नाही, आणि रात्री नऊला तुमच्या मुलांचा अभ्यासवर्ग सुटला की मी स्कूटी सुरू करून निघून जाते. तुम्ही इथेच असता. आठ वर्षं झाली, आठवड्यातून चार संध्याकाळी येते. पण उद्या गुडघ्यांनी साथ सोडली, किंवा मुलाने पुण्याला बोलावून घेतलं, तर मी येणार नाही, आणि माझं काही अडणार नाही. तुमच्या मुलींचं गणित मात्र अडेल. हा फरक आठ वर्षांनी मिटलेला नाही आणि वीस वर्षांनीही मिटणार नाही. "आता मी तुमच्यातलाच झालो" असं कुणी बाहेरचा म्हणाला तर त्याच्यावर लगेच भरवसा ठेवू नका, हे मी तुम्हाला स्वतः सांगते.

तरीही बाहेरच्याला या गल्लीची कळकळ असूच शकत नाही, हे मला मान्य नाही. का नाही, ते नीट सांगायचं आहे.

पहिल्या वर्षीची गोष्ट काही जणींना आठवत असेल. मी नुकतीच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, शिस्तीची सवय. वर्ग संध्याकाळी सहाचा ठेवला. मुलगे रोज येत. मुली मात्र सोमवारी आहेत, मंगळवारी नाहीत, बुधवारी परत आहेत. एका सोमवारी मी त्यांना उभं करून सगळ्यांसमोर बोलले. तुम्हाला शिकायचंच नाही, असं म्हणाले. सातवीतल्या एका मुलीच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं, ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई मला भेटली आणि म्हणाली, "बाई, आज सहाला वर्ग ठेवू नका. माझ्या दारात या."

गेले. दारासमोर दोन फूट खोल खड्डा होता, त्यावर झाकण म्हणून फरशीचा तुकडा. रस्त्यावर सिमेंटचे थर एकावर एक चढत गेले आणि नळाची लाईन होती तिथेच खाली राहिली. दाब इतका कमी की वरच्या तोटीला पाणी पोचत नाही, म्हणून ज्याने त्याने आपापल्या दारात खणून पाईपला खालीच तोंड पाडून घेतलेलं. ती मुलगी खड्ड्यात उकिडवी बसली होती. तिने तांब्याने बादली भरायची, आईने वर ओढायची, धाकट्याने आत नेऊन पिंपात ओतायची. साडेसहा ते सव्वासात, एक दिवसाआड. मध्येच पाणी गढूळ आलं. आईने हात वर केला, सगळे थांबले, दोन मिनिटांनी पाणी निवळलं तशी परत सुरुवात. मी विचारलं, मुलगीच का खाली? आई म्हणाली, खड्ड्यात मोठं माणूस मावत नाही, आणि मुलगा खाली उतरायला तयार होत नाही.

हे पाणी नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, जवळजवळ ७० किलोमीटरवरून, डोंगर चढवून आणलेलं. १९७० साली सगळं इंदूर त्यासाठी रस्त्यावर उतरलं होतं. मी तेव्हा सातवीत होते, शाळा बंद आणि मोर्चांच्या घोषणा आजही कानात आहेत. १९७८ला नर्मदा शहरात आली. इतक्या लांबून आलेलं पाणी शेवटच्या दोन फुटांत अडलं होतं, आणि मी त्याच्यापासून वीस पावलांवर बसून मुलींच्या हजेरीवर लाल रेघा मारत होते.

वर्ग साडेसातला नेला. तो आजही साडेसातलाच असतो. त्या बाईंनी मला दारात बोलावलं नसतं, तर मी वर्षभर त्या मुलींना आळशी समजले असते आणि मग कंटाळून वर्ग बंद केला असता. गल्लीची कळकळ मला पहिल्या दिवसापासून होती, पण ती आंधळी होती. तिला डोळे त्या खड्ड्यापाशी आले.

म्हणून बाहेरच्यांवरचा तुमचा राग मला समजतो. तो उगीच आलेला नाही. तीन वर्षांपूर्वी एक मंडळी आली होती. नाव घेत नाही, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. त्यांनी दोन दिवसांत गल्लीच्या तोंडाची भिंत रंगवली, मोर आणि सूर्यफुलं काढली. फोटो छान आले. पण रंगवण्याआधी भिंतीलगतचा कपडे धुण्याचा दगड उखडून बाजूला केला, तो परत बसवला नाही. पाच घरांच्या बायका तेव्हापासून बॅकलेनमध्ये, चेंबरच्या झाकणाशेजारी बसून कपडे धुतात. मोराचा निळा रंग दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे धरून सुटला. दगड अजून तिथेच आडवा पडलेला आहे.

आणि तुमच्या अविश्वासाला त्याहून जुनं कारण आहे. हुकुमचंद मिल गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. २२४ कोटी रुपये, तीस वर्षांनंतर. त्या काळात कितीजण आश्वासनं देऊन गेले, आणि पैसे येईपर्यंत कितीजण वाट बघून संपले, हे तुमच्या घरांना माहीत आहे. ज्या घरातल्या आजोबांनी अशी तीस वर्षं काढली, त्या घराने नकाशा घेऊन आलेल्या पोरांना लगेच पाट मांडावा असं मी म्हणणार नाही.

पण मला तुम्हाला नकाशा घेऊन फिरणाऱ्या आणखी एका माणसाची आठवण द्यायची आहे. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस, जन्म १८५४. नगररचनेसाठी होळकर दरबाराने त्याला बोलावलं होतं. १९१८मध्ये इंदूरवर त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. तो आला तेव्हा शहरात प्लेग होता. सांगतात की तो काखेत नकाशा मारून गल्लीबोळ फिरायला लागला तेव्हा लोक त्याच्याकडे भीतीने बघत. नकाशावाला साहेब आला म्हणजे आता घरं पडणार, असं सगळ्यांना वाटे. आणि ते बरोबरच होतं, कारण त्या काळी सुधारणा म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणं, मधली घरं गेली तरी चालतील. गेडिस नेमका त्याच्याविरुद्ध होता. त्याचं म्हणणं, पडकं एखादं घर काढा, तिथे मोकळी जागा करा, विहीर साफ करा, झाड लावा, बाकी वस्तीला हात लावू नका. कमीत कमी कापाकापी करून रोगी जगवायचा, असं ते शास्त्र.

लोकांची भीती घालवायला त्याने जे केलं ते इंदूरच्या माणसालाच सुचावं असं होतं. दिवाळीला मोठी मिरवणूक काढली, आणि जाहीर केलं की मिरवणुकीचा रस्ता दरवर्षीचा नसेल. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ झालेल्या असतील, ज्यांनी घरांची डागडुजी केली असेल, त्यांच्यातून ती जाईल. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर निघाल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत मानाने चालत होते. शेवटी राक्षस जाळला.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर जेल रोडवरून राजवाड्याकडे जाताना बघते तेव्हा मला ती मिरवणूक दिसते. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन किती वर्षं झाली, तरी झांक्या निघतात. तुमच्या घरांतली माणसं महिना महिना मोटारी, पत्रे, दिवे जोडत बसतात. आता त्याला महापालिका आणि विकास प्राधिकरणाची मदत लागते, आणि ती घेताना हा पैसा गल्लीतला की बाहेरचा, असं आपण विचारत नाही. विचारूही नये. शहर आपलं आहे.

गेडिस हा केवळ गोड बोलणारा पाहुणा नव्हता, हे मी कशावरून म्हणते? इंदूरला येण्याच्या तीस वर्षं आधी, १८८६मध्ये लग्न झाल्यावर, तो आणि त्याची बायको ॲना एडिनबर्गच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या पडीक, गचाळ चाळीत राहायला गेले. चांगल्या वस्तीत घर परवडत असून. तिथे शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंती धुतल्या, चुना दिला, खिडकीत रोपं ठेवली. बाहेरचा माणूस आधी शेजारी झाला आणि मग सल्ले द्यायला लागला.

पण तोही इथून गेलाच. कान्ह नदीचे काठ कसे राखावेत यावर त्याने पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि त्या नदीला आज आपण सर्रास नाला म्हणतो. त्यात त्याचा दोष किती आणि आपला किती? मिरवणूक त्याने काढली. दुसऱ्या वर्षी ती काढायची की नाही हे इंदूरकरांच्या हातात होतं.

आता थोडं आपल्याबद्दल. शेजारच्या मोहल्ल्याचं नावच परदेशीपुरा. उत्तरेकडून पोटासाठी आलेल्यांना आपल्याकडे परदेशी म्हणायची रीत होती. आपण मराठी माणसं तरी कुठली? होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, अहिल्याबाई चौंडीच्या, माझे पणजोबा सातारचे, आणि तुमच्यातल्या निम्म्या घरांची कुलदैवतं खानदेशात नाहीतर वऱ्हाडात. गिरणी कामगारांसाठी आयुष्य घालवलेले, १९६२ला अपक्ष म्हणून इंदूरमधून लोकसभेवर गेलेले होमी दाजी मुंबईत जन्मलेले पारशी होते. तुमच्या आजोबांनी त्यांना कुठले म्हणून विचारलं नाही. ते फाटकावर आपल्या बाजूने उभे राहतात का, एवढं बघितलं. आणि आपलं शहर २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण सकाळी सहाला आपल्या गल्लीत झाडू मारायला येणाऱ्या ताई दुसऱ्या वस्तीतून येतात. त्यासुद्धा बाहेरच्याच.

आता जे सांगायचं आहे ते जरा जड जाईल. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

त्या बैठकीत 'आम्ही' म्हणून एकोणीस माणसं बसली होती. मी मोजली, मोजायची सवय आहे. त्यांतली सात आता गल्लीत राहत नाहीत. कुणी विजय नगरला, कुणी निपानियाला, एक दादा तर खास पुण्याहून आले होते. त्यांची घरं इथे आहेत, वरखाली खोल्या पाडून भाड्याने दिलेली. ते गल्लीतले. आणि त्या खोल्यांत झाबुआ, खरगोन, बुऱ्हाणपूरहून आलेली जी कुटुंबं राहतात, नमकीनच्या कारखान्यात, शिलाईच्या कामावर, बांधकामावर जातात, त्यांच्यापैकी एकही माणूस बैठकीत नव्हता. कुणी बोलावलंच नव्हतं. गणपतीची वर्गणी त्यांच्याकडून घेतो. पावती पुस्तक मी पाहिलं आहे, त्यांची नावं त्यात आहेत. माझ्या वर्गात या वर्षी सव्वीस मुलं आहेत, त्यांतली पंधरा भाडेकरूंची. आज त्या खड्ड्यात उतरून पाणी भरणाऱ्या मुली बहुतेक त्यांच्याच आहेत.

मग मला सांगा, या गल्लीत बाहेरचं कोण आहे? जन्म इथला आणि राहणं पुण्यात, तो आतला. आणि चेंबर चोक झाल्यावर रात्री दोनला बादलीने पाणी उपसतो तो बाहेरचा, हे मला पटत नाही. त्या मुलांना दाखवलेलं दार या लोकांसाठी कधी उघडलंच नव्हतं.

आणि ती मुलं. ती नुसते फोटो काढायला आली नव्हती. तीन दिवस सकाळी सहाला ती बॅकलेनमध्ये होती. पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन, गवंडी वापरतात तीच, चेंबरपासून चेंबरपर्यंत उंची मोजत होती. त्यांना सापडलं ते असं, की तिसऱ्या चेंबरपासून पुढे पाईपला उलटा ढाळ आहे. पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे फिरतं. म्हणून कितीही वेळा साफ करा, पहिल्या मोठ्या पावसात घाण तिसऱ्या चेंबरमधूनच वर येते. ही खूण त्यांना आधी दिली एका भाडेकरू मावशीने. ती तिथेच कपडे धुते, पाणी कुठून उलटतं ते रोज बघते. झोन ऑफिसमध्ये आपण चार वर्षं अर्ज देतोय, पार्षदांना दोनदा आणून दाखवलं, दर वेळी माणसं येऊन चेंबर उपसून जातात. उलट्या ढाळाबद्दल आपल्यापैकी कुणीच कधी लिहिलं नाही, कारण आपल्याला तो माहीतच नव्हता. मलाही नव्हता.

त्यांची चूक झाली, ती मी झाकत नाही. लॅपटॉपवर पहिल्याच चित्रावर त्यांनी 'स्लम' असं लिहिलं होतं. तो शब्द वाचून खोलीतली हवा कशी बदलली ते मी पाहिलं. गिरणीतल्या पगारातून पै-पै जोडून बांधलेली, रजिस्ट्री असलेली घरं ही. मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॉलेजबाहेर गाठून मी त्यांना तसं सांगितलं, आवाज चढवूनच. त्यांतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला पुस्तकात हाच शब्द शिकवला." मी तिला खड्ड्याची गोष्ट सांगितली.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की आलेल्याच्या मनात कळकळ खरी आहे की खोटी हे ओळखायच्या मागे लागू नका. ते मलाही माझ्याबद्दल नेहमी सांगता येत नाही. काही संध्याकाळी मी मुलींसाठी येते, काही संध्याकाळी रिकामं घर नको म्हणून येते. त्यापेक्षा त्याला अटी घाला. नळाच्या वेळी ये म्हणावं, बैठकीच्या वेळी नको. जे काढलंस ते आधी ओट्यावर बसून बायकांना दाखव. काही उखडलंस तर परत बसवल्याशिवाय जायचं नाही. काम झाल्यावर पुढचे दोन पावसाळे पहिल्या मोठ्या सरीला स्वतः येऊन उभा राहा, आणि तुझा फोन नंबर मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेव. ज्याला फक्त फोटो हवे आहेत तो एवढ्यावरच परत जाईल. जो थांबेल त्याला मात्र चहा होईपर्यंत तरी बसू द्या. याच अटी मलाही लावा. माझा नंबर भिंतीवर नाही, तो या आठवड्यात लिहिते.

आणि मंडळाच्या समितीत दोन भाडेकरू घ्या. त्यांतली एक ती मावशी असावी, असं माझं मत आहे.

मी त्या मुलांशी बोलले आहे. तो शब्द त्यांनी काढला. येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, नळ यायच्या वेळी, ती तिसऱ्या चेंबरपाशी येणार आहेत, लॅपटॉपशिवाय, नळी घेऊन. ढाळ कसा उलटा आहे ते डोळ्यांनी बघता येईल. कपडे धुण्याचा दगड जागेवर बसवायला एक गवंडीही सांगितला आहे, त्याची मजुरी मी देते. चहाचा थर्मास आणते, पंचवीस कप होतील. भाडेकरूंकडे निरोप वर्गातल्या मुलांबरोबर गेला आहे. घरमालकांना तुम्ही कळवा, पुण्याच्या दादांना सुद्धा.

आपली,
अभ्यासवर्गाच्या बाई
लोकमान्य नगर, इंदूर